पानावर दिसेल तेवढंच

कारखान्यात तिला सगळे भिंगवाली म्हणत. औषधांच्या कारखान्यात लेबलं तपासायचं काम तिच्याकडे होतं. बाटलीवर, खोक्यावर, गोळ्यांच्या पाकिटावर जे काही छापलं जाई ते आधी तिच्या टेबलावर येई. एका हातात भिंग, दुसऱ्या हातात स्टीलची पट्टी आणि मान खाली. ओळ अर्धा मिलिमीटर जरी सरकलेली असली तरी ती कागद परत पाठवायची. छपाईवाले तिच्या नावाने बोटं मोडत. मोडेनात का! एकोणीस वर्षांत तिच्या टेबलावरून एकही चूक बाहेर गेली नव्हती, आणि ही गोष्ट ती कुणी विचारो न विचारो, सांगत असे.

मग एक यंत्र आलं. ते मिनिटाला तीनशे लेबलं बघायचं, चहा मागायचं नाही आणि आपल्या एकोणीस वर्षांबद्दल बोलायचं नाही. साहेबांनी तिला एक गुच्छ दिला आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. आता घरी बसून किती वाजले ते बघत राहायची सोय झाली.

ती बसली नाही, हे तिच्या बाजूने सांगायला हवं. चौदा ठिकाणी अर्ज केले. सगळीकडे वय विचारलं गेलं, आणि सत्तेचाळीस म्हटल्यावर पुढचा प्रश्न कुणी विचारला नाही. नवरा मालाची गाडी चालवायचा, पण त्याची कंबर कामातून गेली होती. जेमतेम अर्धा दिवस तो चाकावर बसू शके. अशात तिला एका वर्गाचा पत्ता लागला. काम सुटलेल्या लोकांना सहा महिन्यांत वेबसाइटची पानं बनवायला शिकवत. शेवटी प्रत्येकाने आपापलं एक पान बनवायचं, एका कंपनीचा तपासनीस ते बघणार, आणि ज्याचं पान पसंत पडेल त्याला त्या कंपनीत काम. दुरुस्तीची संधी एकदाच. पंधरावं दार हेच होतं, आणि सोळावं कुठे दिसत नव्हतं.

वर्गात बाकीची सगळी पोरं विशी-पंचविशीतली. ती हिला काकू म्हणत आणि सरकून जागा देत, पण जेवणाच्या सुटीत सोबत बोलवत नसत. एकदा तिने हात वर करून ‘सेव्ह केलेलं कुठे जातं’ असं विचारलं, तेव्हा मागच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं होतं. तेव्हापासून तिचा हात वर गेला नाही. जे समजायचं ते आपलं आपण समजून घ्यायचं, असं तिने ठरवून टाकलं. सहा महिन्यांत तिने एकच तास बुडवला. त्या दिवशी सासूबाईंना डॉक्टरकडे न्यायचं होतं.

या सासूबाई म्हणजे एक प्रकरण होतं. वय अठ्ठ्याहत्तर, रक्तदाब चढलेला, डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, जीभ मात्र शाबूत. गोळ्या त्या स्वतःच्या हाताने घेत. बिस्किटांचा एक रिकामा डबा उशाशी असे, त्यात सगळी पाकिटं. त्याला हात लावायची कुणाची टाप नव्हती. “मला अजून कुणी भरवायची वेळ आली नाही,” असं म्हणत आणि मग शेजारणीने सांगितलेली गोळी घेत, डॉक्टरांनी सांगितलेली विसरत. त्या दिवशी डॉक्टरांनी जुन्या गोळ्या बंद करून सगळ्या नव्या दिल्या आणि सुनेला बाजूला घेऊन बजावलं, “रात्रीच्या दोन चुकवू नका. एक दाबाची, एक रक्त पातळ ठेवणारी. बाकीच्या एक वेळ पुढेमागे झाल्या तर चालतील.”

तिने ते सगळं एका कागदावर लिहून सासूबाईंच्या कपाटाच्या दारावर चिकटवलं. आणि वर्गात जेव्हा सांगण्यात आलं की घरातल्या एखाद्या माणसाच्या उपयोगी पडेल असं पान बनवा, तेव्हा तिला विचारच करावा लागला नाही. लेबल आणि औषध! हे तर तिचं माहेर होतं.

वर्गाने घरी वापरायला एक लॅपटॉप दिला होता. तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवून ती रोज दुपारी बसायची. पान तीन उभ्या भागांचं. डावीकडे सकाळ, मधे दुपार, उजवीकडे रात्र. प्रत्येक भागात गोळीचं चित्र, तिचा रंग, तिचं नाव आणि किती घ्यायची ते. प्रत्येक चौकोनाला रुंदी किती, तो कडेपासून किती दूर, हे आकड्यात सांगता येतं हे तिने पहिल्याच महिन्यात शिकून घेतलं होतं. तिला एवढंच हवं होतं. ती पडद्याला स्टीलची पट्टी लावायची, माप घ्यायची, आकडा बदलायची, पुन्हा पट्टी लावायची. नवरा एकदा पाणी प्यायला आला आणि बघतच राहिला.

“अगं, पडद्याला काय पट्टी लावतेस? तो काय कापड आहे?”

“तुम्हाला नाही कळायचं,” ती म्हणाली. “रात्रीचा भाग दोन मिलिमीटर खाली आलाय.”

एक गोष्ट तिला फार खटकली. पान पडद्यापेक्षा जरासं रुंद झालं होतं, त्यामुळे खाली एक राखाडी पट्टी उगवली होती. ती धरून पान डावी-उजवीकडे सरकवता येई. लेबलाला कुठे सरकवायची पट्टी असते? तिने पुस्तकात शोधून एक ओळ लिहिली आणि ती पट्टी लपवून टाकली. उजवीकडचा चिमूटभर भाग कापला गेला, तर तिथली सगळी मापं तिने सारखी करून घेतली. आता पान तिच्या पडद्यावर असं बसलं जसं बाटलीवर लेबल बसतं. कुठे सुरकुती नाही, कुठे हवेचा बुडबुडा नाही. तिने भिंग काढून एकेक अक्षर तपासलं. चूक नव्हती. इतक्या महिन्यांनी तिला स्वतःबद्दल बरं वाटलं.

सासूबाईंच्या फोनवर ते पान टाकायचं काम धाकट्या दिराने केलं. तो प्रिंटर दुरुस्त करायचा, म्हणून घरात कॉम्प्युटरचा जाणकार तोच. सासूबाईंना फोनही त्यानेच घेऊन दिलेला. हिचा स्वतःचा फोन बटणांचा, त्यात पान-बिन काही उघडत नसे. दिराने फोनवर एक चित्र आणून ठेवलं, “आई, यावर बोट ठेवलं की गोळ्या,” असं सांगितलं आणि तो चहा पिऊन गेला.

मग ती सासूबाईंच्या पलंगाशी जाऊन उभी राहिली, बाई शाळेत उभ्या राहतात तशी.

“आई, आता नीट ऐका. शेजारच्या काकूंनी सांगितलेलं नाही, तुमच्या मनाचं नाही. या पानावर दिसेल तेवढंच घ्यायचं. त्याबाहेर एकही गोळी घ्यायची नाही.”

“बरं बाई.” सासूबाईंनी फोन डोळ्यांजवळ नेला, लांब नेला. “एवढंच आहे होय गं? मला आपला कोपराच दिसतोय.”

“चष्मा लावा, आई.”

“लावलाय की.”

“मोतीबिंदू आहे, दुसरं काय,” ती म्हणाली आणि कपाटाच्या दारावरचा कागद टराटरा फाडून टाकला. आता त्याची गरज नव्हती. त्याच्या मागे चिकटपट्टीचे चार पिवळे डाग राहिले, तेही तिने घासून काढले.

बावीस वर्षांत सासूबाईंनी सुनेचं एकही म्हणणं सरळ ऐकलं नव्हतं. हे ऐकलं.

पान तपासनीसाकडे गेलं. नऊ दिवस काही नाही. या नऊ दिवसांत ती चार वेळा घड्याळाचे सेल बदलायला उठली आणि ते चालू आहे असं बघून परत बसली. सासूबाई मात्र खुशीत होत्या. भाजी निवडता निवडता म्हणाल्या, “तुझ्या त्या पानाने बरं केलं बाई. गोळ्यांचा त्रासच कमी झाला.” सासूबाईंच्या तोंडून कौतुक! तिने ते मनात घडी घालून जपून ठेवलं. नवऱ्यालाही सांगितलं.

दहाव्या दिवशी दुपारी अभिप्राय आला. तपासनीस कोण, बाई की बुवा, काही लिहिलेलं नव्हतं. अभिप्राय पाच ओळींचा होता. रंग चांगले. मजकूर बिनचूक, इतका नेटका मजकूर सहसा येत नाही. कल्पना उपयोगाची. मग चौथी ओळ: ‘पान रिस्पॉन्सिव्ह नाही. हे सर्वांत महत्त्वाचं आहे.’ पाचवी: ‘पंधरा दिवसांत दुरुस्त करून पाठवा.’

‘बिनचूक’ हा शब्द तिने तीनदा वाचला. मग चौथ्या ओळीशी येऊन ती अडली. रिस्पॉन्सिव्ह. हा शब्द तिने वर्गात ऐकला नव्हता. म्हणजे सांगितला गेलाच नव्हता असं नाही. तो ज्या दिवशी सांगितला त्या दिवशी ती डॉक्टरांच्या दारात नंबर लावून बसली होती. वहीत तेवढं एक पान कोरं होतं. वर्गातल्या पोरांना विचारावं असं तिच्या मनात आलं, आणि लगेच ते फिस्सकन हसणंही आठवलं. तिने कपाटातून जुना शब्दकोश काढला. तिथे स्वच्छ लिहिलं होतं: प्रतिसाद देणारा.

संध्याकाळी दीर आला, तेव्हा तिने त्यालाही विचारलं.

“भाऊजी, पानाने प्रतिसाद द्यायचा म्हणजे काय करायचं?”

जाणकार माणसाने ‘माहीत नाही’ म्हणायचं नसतं. दिराने चहाचा घोट घेतला, छताकडे पाहिलं.

“सोपं आहे वहिनी. तुमचं पान नुसतं बोलतं, ऐकत नाही. लोकांनी काही कळवायचं म्हटलं तर जागा कुठाय? तिथे एक चौकट द्या. अभिप्राय लिहा, बटण दाबा, की उत्तर. आजकाल सगळ्यांच्या पानांवर असते.”

तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. खरंच की! औषधाच्या खोक्यावरसुद्धा तक्रारीसाठी पत्ता छापलेला असतो. इतकी साधी गोष्ट आपल्या कशी लक्षात आली नाही, म्हणून तिने कपाळावर हात मारून घेतला.

पुढचे बारा दिवस ती त्या चौकटीच्या मागे लागली. जागा एकच उरली होती, अगदी उजवीकडे, रात्रीच्या गोळ्यांच्या खाली. तिथे पट्टी लावून चौकट बसवली. वर लिहिलं: ‘काही अडचण असल्यास इथे लिहा.’ खाली बटण. बटण दाबलं की अक्षरं उमटत: ‘आपला प्रतिसाद मिळाला. धन्यवाद.’ हे वाक्य तिने त्या कंपनीच्याच पानावरून उचललं होतं, म्हणजे त्यांना ते पटणारच. कुणी लिहिलं तर ते तिच्या लॅपटॉपवर येईल अशी सोयही केली. या सोयीने तिचा घाम काढला, दोन दुपारी तर ती रडकुंडीला आली, पण शेवटी जमलं. तिने स्वतःच ‘चाचणी’ असं लिहून पाठवलं, ते आलं, आणि तिचा जीव भांड्यात पडला.

मग ती सासूबाईंना म्हणाली, “आई, पानावर आता तुमच्यासाठी जागा केलीय. काही अडलं तर तिथे लिहा.”

“कुठे गं?”

“आहे बघा, कडेला.”

सासूबाईंनी बघितलं असेल. लिहिलं मात्र काहीच नाही. तिला जरा वाईट वाटलं, आणि जरा बरंही. तक्रार नाही म्हणजे सगळं ठीकच चाललं असणार.

त्याच आठवड्यात सासूबाईंच्या हातून कप दोनदा निसटला. डावा हात होता. “मुंग्या येतात मेल्या,” त्या म्हणाल्या आणि हात झटकत बसल्या. वय झालं, असं नवरा म्हणाला. वय झालं, असं दीर म्हणाला. तीही तेच म्हणाली. सकाळी सासूबाई उशिरा उठू लागल्या, डोकं जड आहे म्हणू लागल्या. गोळ्या घेतल्या का, असं ती रोज विचारायची. “घेतल्या. पानावर आहेत त्या सगळ्या घेतल्या,” असं उत्तर यायचं. ते खोटं नव्हतं.

दुसरा अभिप्राय मंगळवारी दुपारी दोनच्या सुमाराला आला. भांडी घासून ती नुकती बसली होती. हात पुसून तिने पत्र उघडलं.

‘पहिल्या अभिप्रायातली मुख्य सूचना अमलात आणलेली नाही. फोनवर पान कसं दिसतं त्याचं चित्र सोबत जोडलं आहे. फोनच्या रुंदीप्रमाणे पानाने स्वतःला जुळवून घ्यायला हवं. इथे तसं होत नाही, शिवाय सरकवायची सोयही बंद केली आहे, त्यामुळे बराचसा मजकूर वाचणाऱ्याला दिसणारच नाही. आपली निवड होऊ शकत नाही. शुभेच्छा.’

पंधरावं दार लागलं, एवढं तिला कळलं. पण तिची जुनी खोड अशी की, कुणी चूक काढली तर आधी चूक बघायची आणि मग रडायचं. तिने चित्र उघडलं.

एका उभ्या फोनचं ते चित्र होतं. त्यात तिचं पान होतं. वर ‘आईंच्या गोळ्या’ असं शीर्षक, त्याखाली ‘सकाळ’, सकाळच्या दोन गोळ्या, रंगासकट, नावासकट, बिनचूक. आणि मग फोन संपला होता. दुपार नव्हती. रात्र नव्हती. चौकट नव्हती. काही कापलंय असंसुद्धा वाटत नव्हतं, इतकं ते नीट होतं.

मला आपला कोपराच दिसतोय.

ती उठली तेव्हा खुर्ची मागे पडली. ती उचलायला ती थांबली नाही. सासूबाई पलंगावर भिंतीला टेकून बसल्या होत्या, डावा हात मांडीवर टाकलेला. तिने उशाचा बिस्किटांचा डबा ओढून घेतला. त्याला हात लावायचा नाही हा बावीस वर्षांचा नियम होता. सासूबाई काही बोलल्या नाहीत. सकाळची पाकिटं अर्धीअधिक रिकामी होती. रात्रीच्या दोन गोळ्यांची पाकिटं, दाबाची आणि रक्त पातळ ठेवणारी, गेल्या खेपेला दुकानातून आणली तशीच होती, रबर लावलेली.

“आई, या... या का नाही घेतल्या?”

“त्या कुठे आहेत पानावर?” सासूबाई म्हणाल्या. शब्द जाड येत होते, जिभेखाली काही धरल्यासारखे. “तूच म्हणालीस ना गं. दिसेल तेवढंच घ्यायचं. मला वाटलं, डॉक्टरांनी कमी केल्या.” मग त्यांनी सुनेच्या तोंडाकडे पाहिलं आणि समजूत काढायला हसल्या. हसू उजवीकडेच उमटलं. डावीकडचा ओठ खाली ओघळलेला तसाच राहिला.

तिने दिराला फोन लावला, नवऱ्याला लावला, गाडी बोलावली, सगळं केलं. दवाखान्यातल्या डॉक्टरीण बाईंनी सासूबाईंचा डावा हात उचलला आणि सोडला. तो पडला. त्यांनी विचारलं, “गोळ्या नियमित चालू होत्या?”

दीर भिंतीकडे बघत होता. नवरा कमरेवर हात ठेवून उभा होता आणि बायकोकडे बघत होता, कारण गोळ्यांचं खातं तिचं. तेवढ्यात सासूबाईच बोलल्या. एकेक शब्द ओढून, पण स्पष्ट कळावं म्हणून जोर लावून.

“सगळं लिहून दिलं होतं हिने. फोनवर. एक अक्षर इकडचं तिकडे नाही.”

बावीस वर्षांत त्यांनी चारचौघांत सुनेची बाजू घेतली ती ही पहिलीच वेळ. तिला वाटलं, यापेक्षा त्यांनी तोंडात मारली असती तर बरं झालं असतं.

तिने डॉक्टरीण बाईंना खरं काय ते सांगितलं. दिवस मोजून सांगितले, छत्तीस. त्यांनी लिहून घेतलं. रागावल्या नाहीत, रागावून काय होणार होतं? डावा हात आणि पाय पुन्हा चालतील का, असं नवऱ्याने विचारलं. त्या म्हणाल्या, या वयात आशा धरू नका. बोलणं थोडंफार राहील. आता यांना एकटं सोडता येणार नाही, कुणीतरी चोवीस तास लागेल. हे कुणीतरी कोण, हे विचारायची गरज कुणालाच पडली नाही.

आठ दिवसांनी सासूबाई घरी आल्या. आता गोळ्या तीच भरवते, सकाळी, दुपारी, रात्री, पाण्याचा चमचा लावून. कपाटाच्या दारावर पुन्हा कागद आहे. सासूबाई तोंड उघडतात आणि काही बोलत नाहीत, आणि तेच तिला सहन होत नाही. दिवसातून एकदा तरी ती उगाचच त्यांना डिवचते, पूर्वी एका टोमण्याला दोन परत यायचे म्हणून. काही परत येत नाही.

लॅपटॉप वर्गाला परत द्यायचा होता. द्यायच्या आदल्या दुपारी, सासूबाईंचा डोळा लागल्यावर, तिने तो उघडला. कंपनीचं पत्र अजून तिथेच होतं. त्याच्या अगदी तळाशी एक ओळ होती, तेव्हा न वाचलेली: ‘या तपासणीबद्दल आपलं काही म्हणणं असल्यास इथे लिहा.’ खाली पांढरी चौकट, बटण.

नऊ दिवस तुम्ही गप्प का होता, असं लिहावंसं वाटलं. एक शब्द मराठीत लिहिला असता तर तुमचं काय जात होतं, असंही. मग तिच्या लक्षात आलं की तो शब्द तिला घरातल्या घरात, साध्या भाषेत, पहिल्याच दिवशी सांगितला गेला होता, आणि तिने त्यावर चष्मा लावा म्हटलं होतं.

तिने सवयीने भिंगासाठी हात पुढे केला. भिंग जागेवर नव्हतं. दवाखान्यातून परतल्यावर ते तिनेच माळ्यावर टाकून दिलं होतं. मग तिने दोन वाक्यं लिहिली.

‘तपासणी बरोबर आहे. चूक बाहेर गेली.’

एकदा वाचून पाहिलं. बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं उमटली, आपला प्रतिसाद मिळाला, धन्यवाद, आणि आतून सासूबाईंनी उजव्या हाताने पलंगावर टकटक केली. त्यांना कूस बदलायची होती.